रात्रीचा रेडिओ आणि लाकडी चौकट

आधी एक अगदी साधा प्रयोग करा. त्याला घरातला बॅटरीवर चालणारा ट्रान्झिस्टर लागेल. त्यावर मध्यमलहरींचा, म्हणजे मीडियम वेव्हचा पट्टा मात्र असला पाहिजे. (मोबाईलमधला रेडिओ इथे उपयोगाचा नाही. तो असलाच तर फक्त एफ.एम. पकडतो.) दुपारी बाराच्या सुमारास काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा आणि किती केंद्रे लागली ते वहीत लिहून ठेवा. रात्री नऊनंतर त्याच जागी, त्याच ट्रान्झिस्टरवर हीच फेरी पुन्हा मारा. दुपारी जिथे नुसता 'सूं' असा आवाज होता तिथे आता तमिळ, बंगाली, अरबी, फारसी असे काहीबाही कानी पडेल. एक आवाज वर येईल, बुडेल, त्याच्या खालून दुसराच डोके वर काढील. प्रक्षेपकाची शक्ती दुपारी कमी होती आणि रात्री वाढली असे काही झालेले नाही. झालेला बदल तुमच्या डोक्यावर, साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर झाला आहे.

या उंचीवर हवा अतिशय विरळ असते. सूर्याचे अतिनील व क्ष-किरण तिथल्या अणुरेणूंवर आदळतात आणि त्यांच्यातले इलेक्ट्रॉन सुटे करतात. वातावरणाच्या अशा विद्युत्‌भारित भागाला आयनांबर म्हणतात. त्याचे थर आहेत. सर्वांत खालचा डी थर, त्यावर शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आसपास ई थर आणि आणखी वर, अडीचशे-तीनशे किलोमीटरपासून पुढे, एफ थर. मध्यमलहरी परत पाठवण्याचे काम ई आणि एफ थर करतात. डी थर मात्र त्यांना गिळतो. या थरात हवा तुलनेने दाट आहे. रेडिओलहरीने हलवलेला इलेक्ट्रॉन जवळच्या रेणूवर आपटतो आणि लहरीपासून मिळालेली ऊर्जा तिथेच उष्णतेच्या रूपात गमावतो. दिवसभर हेच चालते. सूर्य मावळला की नवे इलेक्ट्रॉन सुटे होणे थांबते, आणि हवा दाट असल्यामुळे होते ते इलेक्ट्रॉन थोड्याच वेळात पुन्हा अणुरेणूंना चिकटतात. डी थर जवळजवळ नाहीसा होतो, वरच्या आरशाचा पडदा बाजूला होतो.

आरसा किती लांबचे दाखवील याचा हिशेब तुम्हीच करू शकता. पृथ्वीची त्रिज्या 'त्रि' आणि थराची उंची 'उ' धरून पायथागोरसचा सिद्धांत लावला, तर जमिनीला स्पर्श करून निघालेला किरण थराला जिथे भेटतो तिथपर्यंतचे अंतर सुमारे २ × त्रि × उ याच्या वर्गमुळाइतके येते. तितकेच अंतर खाली यायला लागते, म्हणून दुप्पट करायचे. त्रिज्या ६३७१ किलोमीटर व उंची १०० किलोमीटर घेतली तर उत्तर सुमारे २२५० किलोमीटर येते. उंची ३०० किलोमीटर घेतली तर सुमारे ३९०० किलोमीटर. एका उडीत इतके जास्तीत जास्त जमते. लहर जमिनीवरून, विशेषतः समुद्रावरून परावर्तित होऊन दुसरी उडीही मारते, पण प्रत्येक उडीला ती अशक्त होत जाते.

रात्रीच्या या सोयीचा उपयोग आपल्या देशाने मोठ्या प्रमाणावर करून घेतला होता. आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १९८८ साली सुरू झाली. तिचा मुख्य प्रक्षेपक नागपूरला, १००० किलोवॅट शक्तीचा, १५६६ किलोहर्ट्‌झवर होता. कार्यक्रम संध्याकाळी सुरू होत आणि पहाटेपर्यंत चालत. दिवसा ही वाहिनी नसे, आणि त्याचे कारण आता तुमच्या ध्यानात आले असेल. देशाच्या मध्यावरचे नागपूर आणि डी थर नसलेली रात्र, एवढ्यावर एक प्रक्षेपक देशाच्या फार मोठ्या भागाला पुरत असे. ही वाहिनी २०१९ साली बंद झाली. घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना विचारा, रात्रपाळीत ती ऐकणारे कुणीतरी निघेल.

येथे एक गैरसमज दूर करतो. 'रेडिओ सिलोन' आम्ही लांबून ऐकत होतो, तेही असेच ना, असे मला अनेकजण विचारतात. १९५२ साली सुरू झालेली 'बिनाका गीतमाला' आपल्याकडे घरोघर ऐकली जाई ती लघुलहरींवर, म्हणजे शॉर्टवेव्हवर. त्या लहरींना डी थराचा त्रास फार कमी होतो, म्हणून त्या दिवसाही दूर जातात. आपण बोलत आहोत त्याहून कमी वारंवारतेच्या, दोनशे ते पावणेसहाशे मीटर लांबीच्या लहरींबद्दल.

रात्री एवढे सगळे ऐकू येते म्हटल्यावर आणखी काय हवे, असे वाटेल. पण खरी अडचण तिथूनच सुरू होते. आशिया, युरोप, आफ्रिका व ऑस्ट्रेलिया या भागांत मध्यमलहरींची केंद्रे एकमेकांपासून ९ किलोहर्ट्‌झ अंतरावर असतात. १९७५ साली जिनिव्हा येथे झालेल्या करारानुसार ही व्यवस्था ठरली आणि नोव्हेंबर १९७८ पासून अमलात आली. पट्टा ५३१ पासून १६०२ पर्यंत आणि दोन्ही संख्या ९ ने भाग जाणाऱ्या. म्हणजे जागा झाल्या फक्त १२०. (यातून एक गमतीची कसोटी मिळते. आपल्या भागातल्या कोणत्याही मध्यमलहरी केंद्राच्या वारंवारतेतील अंकांची बेरीज ९ च्या पटीत येते. पुण्यासाठी ठरलेली ७९२ पाहा, मुंबईची १०४४ पाहा, सांगलीची १२५१ पाहा. कुणी तुम्हाला १००० किलोहर्ट्‌झवर भारतीय केंद्र ऐकल्याचे सांगितले तर त्याला काटा नीट पाहायला सांगा.) या १२० जागांवर शेकडो केंद्रे बसवलेली आहेत. दिवसा दोन गावांतली केंद्रे एकाच जागेवर सुखाने नांदतात, कारण त्यांचा आवाज एकमेकांच्या हद्दीत पोचतच नाही. रात्री मात्र सगळी एकाच खोलीत शिरून एकदम बोलू लागतात.

त्यात घरातल्या उपकरणांची भर. मोबाईलचे चार्जर, एल.ई.डी. दिवे, टी.व्ही., इन्व्हर्टर यांच्यात विजेचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करणारी मंडले असतात. त्यांच्यातून निघणारी गुरगुर नेमकी मध्यमलहरींवर येते. जुन्या काळच्या श्रोत्याला हा उपद्रव नव्हता. आज शहरातल्या घरात मध्यमलहरी ऐकताना अंतरापेक्षा हा गोंगाटच जास्त आडवा येतो. अशा वेळी लांब तार गच्चीवर ताणून उपयोग होत नाही. तार सगळेच गोळा करते, केंद्रही, त्याचा शेजारीही आणि शेजाऱ्यांचा चार्जरही. आपल्याला हवे आहे काही गोष्टी नाकारणारे साधन. ते म्हणजे लूप, म्हणजेच तारेचे मोठे वेटोळे.

लूपचे तत्त्व तुमच्या दहावीच्या पुस्तकातले आहे. वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले की वेटोळ्यात विद्युत्‌दाब प्रवर्तित होतो, हे फॅरडेने १८३१ साली दाखवले. रेडिओलहरीत विद्युत् क्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र परस्परांशी काटकोनात असतात. उभ्या मनोऱ्यातून निघालेल्या लहरीचे विद्युत् क्षेत्र उभे आणि चुंबकीय क्षेत्र आडवे असते. लूप उभा धरला आणि त्याची कड केंद्राकडे केली, की चुंबकीय क्षेत्र लूपमधून आरपार जाते आणि सर्वाधिक दाब मिळतो. लूपचे तोंड, म्हणजे त्याची सपाट बाजू केंद्राकडे केली, की क्षेत्र लूपच्या पातळीला समांतर राहते, आरपार काहीच जात नाही. दाब शून्य.

हेच दुसऱ्या बाजूने पाहा. बाजू ६० सेंटिमीटर असलेला चौरस घ्या. लहर कडेच्या दिशेने आली तर ती आधी एका उभ्या बाजूला आणि मग दुसऱ्या उभ्या बाजूला पोचते. दोन्ही बाजूंत प्रवर्तित होणारे दाब वेटोळ्यात एकमेकांविरुद्ध काम करतात, पण पोचण्याच्या वेळेत फरक असल्यामुळे ते पूर्ण कटत नाहीत; थोडे उरते. किती? १००० किलोहर्ट्‌झच्या लहरीची लांबी ३०० मीटर. त्यातले ६० सेंटिमीटर म्हणजे पाचशेवा भाग. एका मीटरमागे १०० मायक्रोव्होल्ट असे दूरच्या केंद्राचे क्षेत्र धरले, तर एका उभ्या बाजूत ६० मायक्रोव्होल्ट मिळतात आणि वजाबाकी होऊन हाती उरते ते सुमारे पाऊण मायक्रोव्होल्ट. वेढे तेरा दिले तर जवळजवळ १० मायक्रोव्होल्ट. लहर तोंडाकडून आली तर दोन्ही बाजूंना ती एकाच क्षणी पोचते आणि वजाबाकी पूर्ण होते.

१० मायक्रोव्होल्ट म्हणजे फारच थोडे. पण लूपला एक बदलते धारित्र जोडले की ते मंडल एका विशिष्ट वारंवारतेला अनुस्पंदन करते. झोपाळ्याला योग्य वेळी दिलेल्या हलक्या धक्क्यांनी जसा मोठा झोका मिळतो, तसा या वारंवारतेचा दाब साठ-ऐंशी पट वाढतो. बाकीच्या वारंवारतांना ही सवलत मिळत नाही. म्हणजे लूप दोन चाळण्या एकदम लावतो, एक वारंवारतेची आणि दुसरी दिशेची.

दिशेच्या चाळणीबद्दल मात्र बहुतेकांची कल्पना उलटी असते. लूप केंद्राकडे 'रोखला' की ते जोरात ऐकू येते, असे सगळ्यांना वाटते. प्रत्यक्षात मिळणारा दाब कोनाच्या कोसाइनप्रमाणे बदलतो. लूप योग्य दिशेपासून २५ अंश फिरवला तरी दाब ९ टक्क्यांनीच घटतो. कानाला तो फरक कळतही नाही. ६० अंश फिरवल्यावर कुठे निम्मा होतो. पण शून्याच्या जवळ गोष्ट पालटते. शून्यापासून ५ अंशांवर सर्वाधिक दाबाच्या ९ टक्के दाब असतो, १ अंशावर पावणेदोन टक्के. एकदोन अंशांत केंद्र बुडते आणि पुन्हा वर येते. तेव्हा लूपची खरी धार त्याच्या ऐकण्यात नाही, न ऐकण्यात आहे. नको असलेल्या केंद्राकडे त्याचे तोंड करा; ते गप्प होईल आणि त्याच जागेवर, दुसऱ्या दिशेने येणारे दुर्बळ केंद्र मोकळे होईल. नव्याने लूप वापरणाऱ्याला हे एकदा हाताने करून पाहिल्याशिवाय पटत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता बांधणी. दोन लाकडी पट्ट्या घ्या. एक ८५ सेंटिमीटर लांब, दुसरी त्याहून वीस-पंचवीस सेंटिमीटर जास्त. हे जास्तीचे टोक खाली पाय म्हणून राहील. दोन्ही पट्ट्यांना मध्ये खाच पाडून अधिकच्या चिन्हासारख्या जोडा, म्हणजे लांब पट्टी उभी व आखूड आडवी येईल. लांब पट्टीवर मात्र मध्य मोजताना पायाचा भाग सोडून द्यायचा. चारही टोकांना (लांब पट्टीवर पाय सुरू होतो तिथे) १० सेंटिमीटर लांबीचा एकेक लाकडी तुकडा चौकटीच्या पातळीला काटकोनात ठोका. प्रत्येक तुकड्यावर लोखंड कापायच्या करवतीने ६ मिलिमीटर अंतरावर तेरा खाचा पाडा. या खाचांत प्लॅस्टिकचे आवरण असलेली बारीक तार एकाशेजारी एक अशी तेरा वेढे गुंडाळा. हिऱ्याच्या आकारात उभा असलेला, ६० सेंटिमीटर बाजूचा चौरस तयार होईल. कोपऱ्यावर उभा असला तरी क्षेत्रफळ तेच, त्यामुळे वरचा हिशेब बदलत नाही. तार सुमारे ३२ मीटर लागेल. वेढे एकमेकांना चिकटवू नका. चिकटवल्यास तारातारांमधली धारिता वाढते आणि वरच्या वारंवारता हाती लागत नाहीत.

तारेची दोन टोके बदलत्या धारित्राला जोडायची. बाजारात याला गँग कंडेन्सर म्हणतात. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओतला, हवेत फिरणाऱ्या पत्र्यांचा गँग मिळाला तर उत्तम. त्याचा सुमारे ३६५ पिकोफॅरडचा एक भाग पुरतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली अशा ठिकाणी किंवा रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एखाद्या जुन्या माणसाकडे चौकशी करा. नाहीच मिळाला तर मोडक्या ट्रान्झिस्टरमधला प्लॅस्टिकचा छोटा गँग काढून त्याचे दोन्ही भाग समांतर जोडा. आपल्या वेटोळ्याची प्रवर्तकता सुमारे २२० मायक्रोहेन्री येते. ५३१ किलोहर्ट्‌झला अनुस्पंदनासाठी त्याला सुमारे ४०० पिकोफॅरड लागतात, १६०२ ला सुमारे ४५. गँग, तारांमधली धारिता आणि जोडणीच्या तारा मिळून हे साधारण जमते. पट्ट्याचे खालचे टोक गाठता आले नाही तर एक-दोन वेढे वाढवा, वरचे गाठता आले नाही तर एक काढा. इतकेच. बॅटरी नाही, विजेची जोडणी नाही, ट्रान्झिस्टर उघडायचाही नाही.

उघडायचा नाही, तर मग लूपमधला दाब त्यात शिरणार कसा? प्रत्येक ट्रान्झिस्टरमध्ये मध्यमलहरींसाठी फेराइटची एक काळी कांडी आणि तिच्यावर तारेचे वेढे असतात. ती बहुधा डब्याच्या लांब बाजूला समांतर असते. ती कांडीही एक छोटा लूपच आहे. ट्रान्झिस्टर लूपच्या अगदी जवळ असा ठेवा, की त्याची लांब बाजू लूपच्या पातळीला काटकोनात येईल. लूपमध्ये फिरणाऱ्या प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र कांडीतून जाते आणि रोहित्राप्रमाणे संदेश एका वेढ्यातून दुसऱ्यात उतरतो. शिवाय अशा रचनेत कांडीचे शून्य आणि लूपचे शून्य एकाच दिशेला येतात. हे महत्त्वाचे आहे. ट्रान्झिस्टर तिरका ठेवला तर लूप ज्याला नाकारतो त्याला कांडी आत घेते आणि शून्य पुसट होते. म्हणून दोन्ही एकाच फळीवर बसवून ती फळी फिरवावी.

प्रथम दुपारी, ट्रान्झिस्टरवर एखादे अंधुक केंद्र लावून गँग अगदी हळू फिरवा. एका जागी आवाज एकदम उसळेल. तिथे थांबा. गँगचा दांडा बोटभर फिरला तरी केंद्र निसटते, म्हणून त्याला मोठी खुंटी लावा. आता फळी फिरवून शून्य शोधा. फळीखाली अंशांचे वर्तुळ काढून ठेवले आणि होकायंत्राने उत्तर जुळवली (महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाहून कमी आहे, तो सोडून दिला तरी चालेल), तर लूपचे तोंड जिकडे झाले ती केंद्राची दिशा. नकाशावर पट्टी ठेवून ताडून पाहा. लूपला एक खोड मात्र आहे. केंद्र पुढे आहे की पाठीमागे हे तो सांगत नाही. दोन शाळांनी मिळून हे कोडे सोडवावे. साताऱ्याच्या शाळेने एक रेषा काढावी, नाशिकच्या शाळेने दुसरी. जिथे रेषा छेदतील तिथे प्रक्षेपक. जहाजांचा ठावठिकाणा रेडिओवरून काढत तो याच रीतीने.

जागेबद्दल थोडे. सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीत स्लॅबमधल्या सळ्या लहरींना अडवतात. खिडकीजवळ किंवा गच्चीवर बसा. आकाशात गडगडाट असेल तर गच्चीवर जाऊ नका. तसेही वळवाच्या दिवसांत विजांच्या कडकडाटामुळे काही ऐकू येत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या रात्री सर्वांत चांगल्या. कोकणातल्या मुलांना आणखी एक फायदा आहे. जमिनीलगत जाणारी लहर समुद्राच्या खाऱ्या पाण्यावरून फार कमी झिजते, कारण खारे पाणी कोरड्या खडकाळ जमिनीपेक्षा हजार पटींहून अधिक चांगले वाहक आहे. त्यामुळे किनाऱ्यावर दिवसाढवळ्याही लांबची केंद्रे लागतात. देशावर काळ्या खडकातून तीच लहर शंभर-दोनशे किलोमीटरांत धापा टाकते.

दिवसा सुरेख लागणारे शून्य रात्री मात्र तुम्हाला दगा देईल. दीड-दोनशे किलोमीटरवरच्या केंद्राचे शून्य सूर्यास्तानंतर सरकू लागते, पसरट होते, कधी सापडतच नाही. चौकट बिघडली असे समजू नका. हा प्रकार महायुद्धाच्या काळापासून माहीत आहे आणि त्याला रात्रीचा परिणाम असेच नाव आहे. आयनांबरातून परत येताना लहरीच्या विद्युत् क्षेत्राची दिशा वळते; ते पूर्वीसारखे उभे राहत नाही, काही अंश आडवा होतो. शिवाय लहर आता वरून खाली येते. अशा लहरीमुळे लूपच्या आडव्या भागांतही दाब निर्माण होतो आणि तो उभ्या भागांची वजाबाकी बिघडवतो. १९१९ साली फ्रँक अ‍ॅडकॉक या ब्रिटिश अभियंत्याने त्यावर तोडगा काढला. त्याने आडव्या तारा संदेश घेण्याच्या कामातून बाद केल्या आणि नुसत्या उभ्या तारा वापरल्या.

ज्याने दिशा शोधणाऱ्यांना सतावले, त्याचाच एका भौतिकीतज्ज्ञाने उपयोग करून घेतला. वातावरणात विद्युत्‌वाहक थर असावा असा तर्क केनेली आणि हेविसाइड यांनी १९०२ साली केला होता. मार्कोनीचा संदेश डिसेंबर १९०१ मध्ये अटलांटिक ओलांडून गेला कसा, याचे दुसरे उत्तर सुचत नव्हते. पण थर प्रत्यक्ष आहे याचा पुरावा हवा होता. एडवर्ड अ‍ॅपलटन आणि त्यांचे सहकारी माइल्स बार्नेट यांनी डिसेंबर १९२४ मध्ये बी.बी.सी.चे बोर्नमथ येथील केंद्र मागून घेतले. रात्रीचे कार्यक्रम संपल्यावर प्रक्षेपकाची वारंवारता हळूहळू बदलत न्यायची आणि ऑक्सफर्डला ग्रहण करायचे. जमिनीलगतची लहर आणि वरून परतलेली लहर यांच्या मार्गांत फरक आहे. वारंवारता बदलली की त्या फरकात मावणाऱ्या लहरींची संख्या बदलते, आणि दोन्ही लहरी आळीपाळीने एकमेकींना साथ देतात व मारतात. आवाज किती वेळा चढला-उतरला ते मोजले की मार्गातला फरक निघतो आणि त्यावरून उंची. ती सुमारे ९० ते १०० किलोमीटर आली.

तरीही शंका राहिली. दुसरी लहर वरूनच आली कशावरून? आजूबाजूच्या एखाद्या डोंगरावरून परतली नसेल कशावरून? तेव्हा अ‍ॅपलटन आणि बार्नेट यांनी एकाच वेळी दोन एरियल वापरली, एक उभी तार आणि एक लूप. तिरक्या खाली येणाऱ्या लहरीच्या विद्युत् क्षेत्राचा फक्त उभा घटक उभ्या तारेला मिळतो, लहर जितकी डोक्यावरून येईल तितका कमी. लूपला हवे असलेले आडवे चुंबकीय क्षेत्र मात्र लहर कितीही वरून आली तरी पुरेपूर मिळते. म्हणजे लहर खरोखर वरून येत असेल, तर चढउतार लूपवर अधिक दिसला पाहिजे. तसाच तो दिसला. १९४७ साली अ‍ॅपलटन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे शिशिरकुमार मित्र यांनी कलकत्त्यात आयनांबराच्या संशोधनाची परंपरा उभी केली. त्यांचा 'द अपर अ‍ॅटमॉस्फिअर' हा ग्रंथ त्याच १९४७ सालचा.

या छंदाला आता थोडी घाई आहे, हेही सांगायला हवे. जर्मनी, फ्रान्स आणि युरोपातल्या इतर देशांनी आपले अनेक मध्यम व दीर्घलहरी प्रक्षेपक बंद केले आहेत. फ्रान्सचा १६२ किलोहर्ट्‌झचा प्रख्यात दीर्घलहरी प्रक्षेपक २०१६ च्या अखेरीपासून कार्यक्रम देत नाही, फक्त वेळेचे संकेत देतो. आकाशवाणीचेही बरेच मध्यमलहरी प्रक्षेपक गेल्या काही वर्षांत थांबले, कार्यक्रम एफ.एम.वर आणि मोबाईलवर गेले. ऐकणाऱ्यांची सोय पाहता त्यात गैर काही नाही. पण मोबाईलवर आलेल्या आवाजात डी थराचा मागमूस नसतो. आयनांबराचे निरीक्षण घरच्या घरी करता येते ते मनोरे चालू आहेत तोवरच. पट्ट्यावरची गर्दी कमी झाल्यामुळे दूरच्या दुर्बळ केंद्रांना थोडी वाटही मोकळी झाली आहे, हा यातला लाभ.

ऐकाल ते लिहून ठेवा. तारीख, भारतीय प्रमाणवेळ, वारंवारता, भाषा, काय चालले होते, आवाजाचा जोर एक ते पाच या श्रेणीत, आणि लूपच्या शून्याची दिशा. काही नव्या ट्रान्झिस्टरांवर संदेशाची तीव्रता आकड्यांत दिसते, तो आकडाही लिहा. एकच दूरचे केंद्र निवडून सूर्यास्ताच्या आधी एक तासापासून नंतर एक तासापर्यंत दर पाच मिनिटांनी नोंद केली आणि आलेख काढला, तर डी थर विरत जाताना कागदावर दिसतो. केंद्र पूर्वेला असेल तर आलेख सूर्यास्ताच्या आधीच चढू लागेल, पश्चिमेला असेल तर उशिरा. असे का, हे शिक्षकांनी वर्गात विचारावे.

एक खास संधीही पुढे आहे. सोमवार, २ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर पश्चिम भारतातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. दिसेल म्हणजे ढगांनी दिसू दिले तर. ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात त्याची आशा थोडीच. डी थराला मात्र ढगांशी कर्तव्य नाही, तो त्यांच्या कितीतरी वर आहे. सूर्याचा काही भाग झाकला गेला की इलेक्ट्रॉन सुटे होण्याचे प्रमाण घटते. ११ ऑगस्ट १९९९ च्या ग्रहणात ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी सामान्य श्रोत्यांनाच आवाहन करून मध्यमलहरींची निरीक्षणे मिळवली होती. आपल्याकडचे ग्रहण खंडग्रास असल्यामुळे परिणाम लहानच असेल, म्हणूनच तुलना काटेकोर हवी. दिवसा जेमतेम लागणारे, दोनशे ते चारशे किलोमीटरवरचे एक केंद्र आतापासून हेरून ठेवा. १ ऑगस्टला, २ ला आणि ३ ला, तिन्ही दिवस दुपारी तीनपासून सहापर्यंत, लूप जागचा न हलवता, दर पाच मिनिटांनी नोंद घ्या आणि तिन्ही आलेख एकाच कागदावर काढा.